फ्रेंचचा वर्तमानकाळ आणि आमचं ‘मी येतो’

वहीच्या पानाचा फोटो फ्रेंच शिकवणाऱ्या मादामकडून परत आला तेव्हा त्यावर एकच वाक्य लाल होतं. ‘मी चार वर्षांपासून बेळगावात काम करते’ एवढंच फ्रेंचमध्ये लिहायचं होतं. मी लिहिलं होतं, ‘झे त्राव्हाये आ बेळगावी दप्वी कात्र आँ’. इंग्रजीतलं ‘आय हॅव वर्क्ड’ डोळ्यांसमोर ठेवून मी ते रचलं होतं. ‘झे’ म्हणजे ‘आय हॅव’, ‘त्राव्हाये’ म्हणजे ‘वर्क्ड’, आणि ‘दप्वी’ म्हणजे पासून. मला त्यात चूक दिसेना. मादामनी खाली एक प्रश्न तेवढा लिहिला होता: तुमच्या घरी हे वाक्य कसं म्हणतात?

आमच्या घरी म्हणतात, "चार वर्षांपास्नं बेळगावात काम करतो."

करतो. सरळ वर्तमानकाळ. काम चार वर्षांपूर्वी सुरू झालं आणि अजून चालू आहे, मग ते भूतकाळात कशाला ढकलायचं? फ्रेंच माणूसही नेमकं हेच करतो: ‘झ त्राव्हाय आ बेळगावी दप्वी कात्र आँ’. ‘त्राव्हाय’ हे साधं वर्तमानकाळाचं रूप, पुढे ‘दप्वी’ लावलं की झालं. कानडीतही तसंच, ‘नाल्कु वर्षदिंद केलसा माडतीनि’. मराठी, कानडी आणि फ्रेंच तिन्ही एका बाजूला, आणि मी मात्र इंग्रजीच्या पुलावरून वळसा घालून चुकीच्या काठावर उतरले होते. त्या रात्री मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी घरचं वाक्य, मग फ्रेंच. इंग्रजी मध्ये नको.

मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. हायड्रॉलिक्सचे सुटे भाग बनतात, त्यातले काही फ्रान्सला जातात. मायक्रोमीटर लावायचा, ड्रॉइंगशी पडताळायचं, जॉब, म्हणजे तो भाग, पास की रिजेक्ट ते लिहायचं, हे माझं काम. तिकडून येणारी पत्रं इंग्रजीत असतात, पण सोबतच्या तक्त्यांवर आणि शेऱ्यांत फ्रेंच असतंच. ‘ला पिएस ए कोंफोर्म’, म्हणजे ‘जॉब बरोबर आहे’, हे मी वाचलेलं पहिलं फ्रेंच वाक्य. त्यातलं ‘ए’ म्हणजे ‘आहे’. रोमन अक्षरांत ते ई-एस-टी असं लिहितात आणि उच्चारताना एस-टी दोन्ही गिळतात. हे काय प्रकरण आहे ते कळावं म्हणून मी फोनवरचा एक वर्ग लावला. शिकवणाऱ्या मादाम पुदुच्चेरीच्या, घरची भाषा तमिळ. आम्ही नऊ जण होतो, चार राज्यांतले. बेळगावची मी एकटीच.

वर्ग संध्याकाळी साडेसातला. मी सुटल्यावर सेंट्रल बसस्टँडवरून खानापूरची बस धरते. सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. कानात हेडफोन, मांडीवर वही, आणि कंडक्टर "मुंद होग्री, पुढं सरका" म्हणत तिकिटं फाडतोय, असा माझा फ्रेंचचा पहिला वर्ग झाला. 

पहिल्याच दिवशी ‘पार्ले’ म्हणजे ‘बोलणे’ या क्रियापदाची रूपं फळ्यावर आली. शेवटी ई-आर असलेल्या क्रियापदांचा हा गट सगळ्यात मोठा, फ्रेंचमधली दहातली नऊ क्रियापदं याच गटातली. त्यामुळे हा एक साचा हातात आला की हजारो क्रियापदं आपोआप येतात. ई-आर काढून टाकायचे, उरलं ते मूळ, त्याला कर्त्याप्रमाणे शेपूट लावायचं. झ पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. (‘झ’ लिहितेय खरी, पण तो आपल्या झाडातला झ नाही. श म्हणताना घशातून आवाज काढला की जो येतो तो.)

कानाने ऐकलं तर मी, तू, तो आणि ते या चौघांना एकच ‘पार्ल’. लिहायला मात्र चौघांचं वेगळं. मी आणि तो यांना नुसता ई. तू ला ई-एस. ते ला ई-एन-टी, तीन अक्षरं, आणि तिन्ही मुकी. एकवचनी ‘इल’ आणि अनेकवचनी ‘इल’ हेही ऐकायला सारखेच, फक्त लिहिताना अनेकवचनाला मुका एस. म्हणजे ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांत कानाला काही फरक नाही. मापात सूतभर फरक असला तरी जॉब बाजूला काढणाऱ्या माणसाला हे पटणं अवघड होतं. जे ऐकूच येत नाही ते लिहायचं कशासाठी?

याचं उत्तर मला संस्कृतमधून मिळालं. हायस्कूलला तीन वर्षं संस्कृत होतं. वदामि, वदसि, वदति आणि शेवटी वदन्ति. एका रविवारी मी वहीत फ्रेंचची लिखित शेपटं एका रांगेत आणि संस्कृतची दुसऱ्या रांगेत लिहिली. ‘तू’ ला तिकडे एस, इकडे सि. ‘तो’ ला तिकडे अनेक क्रियापदांत टी, इकडे ति. ‘ते’ ला तिकडे एन-टी, इकडे न्ति. अंगावर काटा आला. फ्रेंच आली लॅटिनमधून, आणि लॅटिन व संस्कृत या एकाच कुळातल्या हे १७८६ मध्ये विल्यम जोन्सनी कोलकात्यात मांडलं होतं, हे शाळेत वाचलेलं होतं. पण तेव्हा ती परीक्षेपुरती एक ओळ होती. इथे वदन्तीतला न्ति माझ्या वहीत, फ्रेंच क्रियापदाच्या शेवटी, मुका होऊन बसला होता. जीभ त्याला विसरली, पण हाताने सोडलं नाही. आणि शेऱ्यातलं ते ‘ए’, ई-एस-टी? ते अस्ति. त्याचं अनेकवचन ‘सों’, एस-ओ-एन-टी? ते सन्ति. त्या दिवसापासून मला एकही मुकं अक्षर जड गेलं नाही. आपल्या मराठीतही ‘तू आहेस’, ‘तू जातोस’ मधला स त्याच घराण्यातला. ज्ञानेश्वरीच्या काळात तो ‘करिसी’ असा पूर्ण ऐकू येत होता.

मुक्या शेपटांचा आणखी एक परिणाम आहे. कानडीत ‘होगतीनि’ म्हटलं की ‘मी जातो’ एवढं पूर्ण कळतं. ‘होगतीरि’ म्हटलं की तुम्ही, ‘होगतार’ म्हटलं की ते. कर्ता बोलायची गरजच नाही, क्रियापदाचं शेपूटच सगळं सांगतं. आपण मराठीतही "जातोस काय?" एवढंच विचारतो. फ्रेंचमध्ये हे चालत नाही. शेपटं मुकी झाल्यावर कोण बोलतंय ते सांगायचं काम ‘झ’, ‘त्यू’, ‘इल’ यांच्यावर येऊन पडलं, म्हणून ते शब्द टाकता येत नाहीत. मी सुरुवातीला सवयीनं नुसतं ‘पार्ल फ्राँसे’ म्हणायची. मादाम थांबवायच्या: "की? की पार्ल?" कोण? कोण बोलतं?

वू आणि त्यूची मला अडचण आलीच नाही. वर्गात इंग्रजी शाळेतून आलेल्या दोघांना कुणाला काय म्हणावं ते आठवडाभर सुचत नव्हतं. आमच्याकडे पोर पण सांगेल की कंडक्टरला तुम्ही, मैत्रिणीला तू. फ्रेंच ‘वू’ आपल्या ‘तुम्ही’सारखाच आहे, एका मोठ्या माणसालाही तोच आणि दहा जणांनाही तोच, आणि क्रियापदही दोन्हीकडे अनेकवचनीच. एक ‘ओं’ नावाचा कर्ता तेवढा वेगळा आहे. बोलताना फ्रेंच लोक ‘नू’ऐवजी सर्रास ‘ओं’ म्हणतात, आपल्या ‘आपण’सारखा. ‘आपण जाऊया’मधला आपण. पण त्याला क्रियापद लागतं ते ‘तो’चं, एकवचनी. ‘ओं पार्ल’. हे कानात बसेपर्यंत थोडा वेळ गेला.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहायला बसले, ते.

आमच्या भागात बाई ‘मी येतो’ म्हणते. ‘मी जातो’, ‘मी करतो’. माझी आज्जी असंच बोलते, आई असंच बोलते, कोल्हापूरकडेही असंच बोलतात. मी डिप्लोमाला पुण्यात होते तेव्हा हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "तू मुलगा आहेस का? येतो काय म्हणतेस?" सगळ्या हसल्या. मी त्यानंतर महिनाभर वाक्यं मनात आधी तपासून मग बोलायची. येते, जाते, करते. लिहिताना आजही मी ‘करते’ लिहिते, ते चुकीचं नाही, पुस्तकातली मराठी तशीच आहे. पण त्या वर्षी मी माझ्या आईशीही फोनवर ‘येते’ म्हणायला लागले होते, आणि आई एकदा म्हणाली, "अगं, असं काय बोलालायस, पाव्हण्यावानी?" ते माझ्या मनातून गेलं नाही.

फ्रेंचच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या एका मुलीनं मादामना विचारलं, "मादाम, बायकांसाठी वेगळं रूप कुठलं? मी बोलते, याला काय म्हणायचं?" मादाम म्हणाल्या, "वेगळं नाही. पुरुषही ‘झ पार्ल’, बाईही ‘झ पार्ल’. वर्तमानकाळात फ्रेंच क्रियापद बोलणारा कोण ते बघतं, पुरुष की बाई ते बघत नाही." ‘इल पार्ल’ आणि ‘एल पार्ल’, तो आणि ती, क्रियापद तेच. ‘मी’ म्हणताना तर कर्त्यातही फरक नाही.

मी बसमध्ये, झाडशहापूरच्या आसपास होते. मी माइक सुरू करून म्हटलं, मादाम, आमच्या घरी पण असंच आहे. माझी आई आणि माझे वडील दोघंही ‘मी जातो’ म्हणतात. कानडीत तर ‘होगतीनि’ म्हणणारी बाई की पुरुष ते कळतच नाही, तिथे फरक ‘तो’ आणि ‘ती’ला येतो, होगतान आणि होगताळ. मादामना ते फार आवडलं. त्यांनी वर्गाला सांगितलं, "ही बेळगावची बाई ‘झ व्हे’ (मी जातो) म्हणताना काही वेगळं शिकत नाहीये. ती घरचंच बोलतेय."

आमच्याकडे शेकडो वर्षं दोन्ही भाषा एका चुलीवर शिजल्यात. ‘मी येतो’ कानडीच्या शेजारानं असं झालं की आपलं आपणच झालं, ते अभ्यासकांनी ठरवावं. मला एवढं कळलं की एका मोठ्या, जगभर शिकवल्या जाणाऱ्या भाषेत जे नियम म्हणून शिकवतात, तेच आमच्या आज्जीच्या तोंडात होतं आणि त्यावर मला हसलं गेलं होतं. त्या रात्री घरी गेल्यावर आईनं जेवायला हाक मारली. मी म्हटलं, "हात धुवून येतो." कित्येक वर्षांनी म्हटलं.

पुढचे गट पटापट झाले. ‘फिनीर’, संपवणे, याच्यासारख्या क्रियापदांत अनेकवचनाला मध्ये दोन एस येतात, म्हणून तो ‘फिनी’ आणि ते ‘फिनिस’. इथे कानाला फरक कळतो, जिवाला बरं वाटतं. ‘व्हाँद्र’, विकणे, यात तो ‘व्हाँ’ आणि ते ‘व्हाँद’, शेवटचा द अनेकवचनातच वाजतो. ‘मांझे’, खाणे, याचं ‘आम्ही’चं रूप लिहिताना जी नंतर एक जादा ई घालायचा, नाहीतर जी चा उच्चार ‘ग’ होतो आणि मांझों ऐवजी मांगों वाचलं जातं.

खरा घाम काढला तो रोजच्या चार क्रियापदांनी: असणे, जवळ असणे, जाणे, करणे. ‘जाणे’ हे ‘आले’, आणि त्याची रूपं व्हे, व्हा, व्हा, आलों, आले, व्हों. एकाच क्रियापदात दोन मुळं. आधी राग आला, मग आठवलं की आपल्यात ‘जातो’ आणि ‘गेलो’ आहेच की. जा आणि गे कुठे एकमेकांसारखे दिसतात? ‘जवळ असणे’ म्हणजे ‘आव्हुआर’ हे मात्र आपल्याकडे क्रियापद म्हणून नाहीच. आपण ‘माझ्याकडे पेन आहे’ म्हणतो, ते ‘मी पेन बाळगतो’ अशा घाटाचं बोलतात. वयही बाळगतात, भूकही बाळगतात. ‘मला भूक लागलीय’ला ‘झे फँ’, शब्दशः मी भूक बाळगतो. इथे घरचं वाक्य उपयोगी पडलं नाही, आणि ते मान्य करून पाठ करावं लागलं.

‘आहेत’ आणि ‘त्यांच्याकडे आहे’ यांचा एक सापळा आहे. ‘इल सों’ म्हणजे ते आहेत. ‘इल जों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे. इलचा मुका एस पुढे स्वर आला की जागा होतो आणि ज वाजतो. फरक फक्त स आणि ज चा. वर्गातल्या बऱ्याच जणांना तो ऐकू येईना. मला पहिल्याच वेळी आला, कारण तो ज आपल्या बाजारातला ज आहे, जिवातला नाही, जोरातला म्हणा. मराठी कानाला दोन ज लहानपणापासून ठाऊक असतात.

आणि ‘करणे’, ‘फेर’. ‘वू’ला सगळ्या क्रियापदांत शेवट ई-झेड असतो, फक्त तीन क्रियापदं सोडून: असणे, करणे आणि सांगणे. वू ज़ेत, वू फेत, वू दीत. ही तीन मी मायक्रोमीटरच्या डबीच्या झाकणावर आतून चिकटवली होती. रोज शंभर वेळा डबी उघडते, रोज शंभर वेळा दिसायची.

आणखी एक सोय सांगायची राहिली. ‘झ मांझ’ म्हणजे ‘मी खातो’ आणि ‘मी खातोय’ दोन्ही. चालू वर्तमानकाळाचं वेगळं रूप फ्रेंचमध्ये नाही. अगदी आत्ता, या क्षणी, असं ठासून सांगायचं तर ‘आँ त्रँ द’ असा एक वाक्प्रचार जोडतात, एरवी संदर्भावर सोडून देतात. आपल्याकडे ‘जेवतो’ वेगळं आणि ‘जेवालोय’ वेगळं, म्हणून मी सुरुवातीला प्रत्येक वाक्यात तो वाक्प्रचार कोंबायची. मग लक्षात आलं, कुणी विचारलं "काय करता?" तर आपणही प्रसंग बघूनच उत्तर देतो, नोकरी सांगायची की हातातलं काम. फ्रेंचचा ‘वू फेत क्वा?’ तसाच आहे.

परीक्षा पुण्यात दिली, ए-टू पातळीची, म्हणजे सुरुवातीपासून दुसरी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण, एकूण १००, पास व्हायला ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. रात्रीच्या बसनं गेले. निपाणी मागे पडेपर्यंत वही वाचली, मग कोल्हापूरपर्यंत डोळे मिटून रूपं म्हटली. लिहिण्याच्या भागात आपल्या कामाबद्दल लिहायचं आलं. ‘दप्वी’ लिहिताना हात क्षणभर थांबला. मी मनात म्हटलं, चार वर्षांपास्नं काम करतो. आणि ‘झ त्राव्हाय’ लिहिलं. तेव्हा खरं तर पाच वर्षं झाली होती, म्हणून कात्र खोडून सँक केलं. 

तोंडी भागात समोरच्या बाईंनी विचारलं, मी काय करते. मी म्हटलं, मी भाग मोजते. त्यांना ते पटकन कळेना, म्हणून मी बोटांनी मायक्रोमीटर फिरवून दाखवला. मग कुठली, घरी कोण कोण, कुठल्या भाषा बोलता. घरी मराठी, दुकानात कानडी, कामावर या दोन्ही आणि इंग्रजी. सगळं वर्तमानकाळात होतं, आणि एकदाही अडले नाही. ७१ गुण पडले. ऐकण्यात सगळ्यात जास्त.

मादाम आता आम्हाला पुढची पातळी शिकवतात. परवा वर्ग सुरू झाला तेव्हा मी परसात भांडी घासत होते. फोनवरून मादामचा आवाज आला, "वू व्हने?" येताय ना? मी ओल्या हातानंच ओरडले, "झारीव, मादाम!" शब्दशः, मी पोचते, वर्तमानकाळ. त्याच वेळी आईनं आतून विचारलं, "दूध उतू जातंय, येतीस काय?" आणि मी तिला म्हटलं, "आलो आलो." भूतकाळ. अजून उठलेही नव्हते.